जिन्यावरचं पोळं

"ताई, तुमच्यातलं कुणी असंल तर बघा ना," शिवमूर्ती म्हणाले. "आमच्या हातानं होणारं काम न्हाई हे."

ड्यूटीची पिशवी खांद्याला लावून जिना चढणारी धम्मप्रिया चौथ्या पायरीवर थांबली. तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर, छज्ज्याच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं लटकत होतं. पंधरा दिवसांपूर्वी सुपारीएवढं होतं, आता चांगलं बशीएवढं झालं होतं. पिवळ्या-तांबूस माश्या त्यावर दाटीवाटीनं बसल्या होत्या.

"आमच्यातलं म्हंजे?" तिनं विचारलं.

"म्हंजे तुमच्याकडचं वो. तुम्हाला काय बंधन न्हाई. आमच्या गळ्यात लिंग हाय, जीव मारायला चालत न्हाई. सोमवारी स्वामी येणार पाद्यपूजेला, आन् आमच्या हिला तर कालच डसली एक."

धम्मप्रिया त्यांच्याकडे बघत राहिली. मग "बघते काका," म्हणाली आणि वर गेली. चला, काम झालं, असं शिवमूर्तींना वाटलं. माणसाला आपलं बोलणं आपल्या कानांनी ऐकू येतं कुठे!

शिवमूर्ती म्हणजे कुणी बडी असामी नव्हे. लातूरच्या मार्केट यार्डात तेहतीस वर्षं मापाडी. तुरीची, सोयाबीनची पोती काट्यावर चढायची आणि हे खड्या आवाजात मोजायचे. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही यार्डातली रीत. लाभ, दोन, तीन, चार. काम सुटून पाच वर्षं झाली तरी मोजायची खोड काही सुटली नव्हती. जिन्याच्या पायऱ्या मोजायचे, बायकोनं तव्यावर टाकलेल्या भाकरी मोजायचे. दानम्मा म्हणायची, "खाताव किती ते मोजू नका म्हंजे झालं."

वरच्या खोलीतली धम्मप्रिया रोज पहाटे काहीतरी म्हणायची, तेही ते मोजायचे. पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीचं शेपूट सारखंच. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता आणि कधी विचारावासाही वाटला नव्हता. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले की वरच्या पाच ओळी मोजून व्हायच्या आणि मग यांचे डोळे मिटायचे. दोन वर्षं हा नेम चालला होता.

दोन वर्षांपूर्वी खोली देताना त्यांनी तिला आडनाव विचारलं नव्हतं. मुदखेडची आहे, दवाखान्यात नर्स आहे, बास. ही गोष्ट ते चारचौघांत सांगायचे हं, आणि आवाज जरा चढवूनच सांगायचे. भिंतीवरच्या बसवण्णांच्या फोटोकडे बोट करायचे. "आमच्यात भेदच न्हाई." आता पोरीच्या नावावरूनच सगळं कळत होतं, तो भाग वेगळा.

घरात पाऊल टाकताच दानम्मानं त्यांना फैलावर घेतलं. तिचा डावा गाल अजून सुजलेला होता, त्यामुळे शब्द अर्ध्याच तोंडातून येत होते, पण धार कमी नव्हती.

"काय बोललाव तुम्ही त्या लेकराला?"

"काय बोललो? काम सांगितलं."

"तुमच्यातलं म्हणलाव. मी ऐकले की. तुमचा धरम तेवढा धरम, आन् तिला काय न्हाईच?"

"तसं न्हाई ग."

"मग कसं?"

शिवमूर्ती खुर्चीकडे वळले. पेपर उघडून बसले. एकच बातमी तीनदा वाचली आणि तिसऱ्यांदाही डोक्यात शिरली नाही. तुमच्यातलं. तुमच्याकडचं. आपलाच आवाज कानात वाजत होता आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. वर जाऊन 'राहू द्या ताई' म्हणायला किती पायऱ्या? अठरा. ते गेले नाहीत. आज दमून आली असेल, उद्या बोलू, असं त्यांनी ठरवलं. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं. सोमवारी स्वामी येणार होते आणि पोळं तिथून जायला हवं होतं.

रविवारी दिवेलागणीच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. शिवमूर्तींनी खिडकीतून पाहिलं. धम्मप्रियानं स्कुटीवरचा रेनकोट चढवला होता, डोक्यात हेल्मेट, हेल्मेटखाली गळ्याभोवती स्कार्फ, हातात झुरळं मारायच्या फवाऱ्याचा डबा. सोबत कुणी नव्हतं. ती एकटीच होती.

आता तरी दार उघडून हाक मारायची की नाही? शिवमूर्ती उठले, पण त्यांनी खिडकी लावली. मग दारही लावलं. माश्या आत येतील म्हणून, असं ते दानम्माला म्हणाले. दानम्मानं त्यांच्याकडे पाहिलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं. बाहेर फवाऱ्याचा फस्स आवाज बराच वेळ येत राहिला. मध्येच "आई गं" असं ऐकू आलं. शिवमूर्ती खुर्चीत बसून होते, आणि तेहतीस वर्षं पोती मोजणाऱ्या माणसाला त्या वेळी काहीच मोजता येत नव्हतं.

सगळं शांत झाल्यावर त्यांनी दार उघडलं. पायऱ्यांवर माश्या पडल्या होत्या, काहींचे पाय अजून हलत होते. धम्मप्रिया हेल्मेट काढून खराट्यानं त्या सुपलीत भरत होती. तिचं उजवं मनगट टम्म फुगलं होतं.

"ताई, डसली का वो? चुना लावा, थांबा, मी आणतो."

"राहू द्या काका. गोळी हाय माझ्याकडं."

"कुणाला तरी बोलवायचं होतं की. तुम्ही सोताच कशाला..."

"कुणाला बोलवू? आमच्यातलं?"

शिवमूर्तींना तोंडात मारल्यासारखं झालं. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट दवाखान्यात पेशंटशी बोलावं तसा सपाट होता.

"काका, रोज सकाळी मी म्हणते ते खाली ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय की. पाच ओळी."

"पंचशील हाय ते. पैली ओळच ती हाय. कुठला जीव घेणार न्हाई म्हणून." ती सुपलीत बघत म्हणाली. "लहानपणापास्नं म्हणून राहिले मी."

"मग न्हाई म्हणायचं होतं ना पोरी!"

"लातुरात सात घरं फिरले होते मी खोलीसाठी. समदे आडनाव विचारून राहिले होते. तुम्ही एकट्यानं न्हाई विचारलं. आता तुम्हाला न्हाई म्हणून आठवं घर कुठं बघू?"

शिवमूर्तींची मान खाली गेली. चौथ्या पायरीवर एक माशी उलटी पडली होती, तिच्याकडे ते बघत राहिले. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"ठीक हाय काका," धम्मप्रिया म्हणाली. "सरका जरा, तिथली राहिली." तिनं ती माशी उचलली आणि सुपली घेऊन मागच्या अंगणात गेली. तिथं तिनं डाव्या हातानं खड्डा केला, सगळ्या माश्या आत टाकल्या आणि वर माती ओढली.

सोमवारी शिवमूर्ती नेहमीपेक्षा लवकर उठले. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. दानम्मानं दारात सडा-रांगोळी केली होती. जिन्याचा कोपरा लख्ख झाला होता, छज्ज्याला पोळ्याचा काळा देठ तेवढा चिकटून राहिला होता.

वर दिवा लावल्याची खुडबुड झाली. धम्मप्रियाचा आवाज आला, जरासा बसलेला. शिवमूर्ती सवयीनं मोजू लागले.

लाभ. दोन. तीन. चार.

आणि आवाज थांबला. मोरीत पाणी पडलं, पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

"आज चारच झाल्या," शिवमूर्ती म्हणाले.

"काय चार?" दानम्मानं स्वयंपाकघरातून विचारलं.

कुठली राहिली हे त्यांना ठाऊक होतं. पळीत पाणी भरलेलं होतं, पण लिंगावर घालायला हात उचलेना. बाहेर गाडी थांबली. "अहो, स्वामी आले, उठा की!" म्हणत दानम्मा पदर सावरत दाराकडे धावली. शिवमूर्ती डावा तळहात तसाच पुढे धरून, छताकडे कान लावून बसले होते.