पडद्यावरचे मिस्टर टार्व्हर

संग्रहालयातून फोन आला तेव्हा बाबा पोर्चवर बसून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात होते. मी फोन त्यांच्या चांगल्या कानाला लावून दिला. दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या आपल्या काळ्या अमेरिकन सैनिकांवर माहितीपट तयार झाला होता. शनिवारी दुपारी तो दाखवायचा होता, आणि मेकन शहरात जे सैनिक अजून हयात आहेत त्यांचा सत्कार होता. बाबा "बरं, बरं" करत ऐकत होते. मग मिस रेनिटा, म्हणजे संग्रहालयाची मुख्य बाई, म्हणाली की सरकारी गोदामात जुनी रिळं सापडली आहेत, त्यांत तुमची तुकडी आहे आणि तुम्ही तर अगदी स्पष्ट दिसताय.

बाबांचा शेंग सोलणारा हात थांबला.

"मी काय करताना दिसतोय?"

"ते गुपित आहे, सर. शनिवारीच बघा."

फोन ठेवल्यावर बाबांनी शेंगांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. शेंगा अर्ध्यावर सोडलेला होझिया टार्व्हर मी जन्मात पाहिला नव्हता.

आमचे बाबा निवृत्त पोस्टमन. शहरातल्या प्रत्येक कुत्र्याबद्दल ते तासभर बोलू शकतात. पण युद्धाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं, "फ्रान्समध्ये होतो. थंडी होती." पुढे तोंडात मिठाची गुळणी. त्यामुळे ते तिथं काय करत होते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्ही आपापल्या मनाने त्यांना कधी रणगाड्यावर तर कधी विमानात बसवून ठेवलं होतं.

शनिवार जवळ येऊ लागला तसे बाबांचे बहाणे सुरू झाले. आधी गाडीच्या किल्ल्या हरवल्या. त्या मला पिठाच्या डब्यामागे सापडल्या. मग गुडघा धरला. गुडघा धरूनही ते जायला तयार होते, फक्त एकटे. आईने येऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"त्यात तोफा असतील, लव्हिनिया. तुझं ब्लडप्रेशर वाढेल."

"माझ्या ब्लडप्रेशरनं तुझ्याबरोबर पंचावन्न वर्षं काढली आहेत. त्याला तोफांचं काय वाटणार?"

"लोकांची गर्दी असेल."

"मी लोकांतच वाढले, होझिया. जंगलात नाही."

बाबा मागच्या अंगणात गेल्यावर आई माझ्याकडे वळली. आईचा आवाज एरवी चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, पण तेव्हा ती अगदी हळू बोलली. "क्लॉडेट, इथं पाणी मुरतंय. बाई आहे."

"कसली बाई?"

"फ्रेंच बाई. त्या रिळात आहे. तिच्या गळ्यात हात घालून उभा असेल हा."

"आई, बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत."

"तेव्हा बावीसचा होता. आणि दिसायला कसा होता ते मला माहितीये. मी त्यालाच पाहून फसले."

मी हसले, पण ती हसत नव्हती. लग्नाआधीची गोष्ट असली तरी ती लपवली का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. आई फसवणूक सहन करणारी नाही. एकदा पाद्रीबाबांनी तिच्या पदार्थाचं श्रेय दुसरीला दिलं, तर आई चार महिने समोरच्या चर्चमध्ये जात होती.

तिच्या स्वयंपाकाबद्दल सांगायला हवं. आई तीस वर्षं टेकडीवरच्या एका गोऱ्या डॉक्टरच्या घरी स्वयंपाकाला होती. तिथलं उरकून बसने घरी यायची आणि टोपी काढायच्या आधी आमची चूल पेटवायची. बाबांना स्वयंपाकघरात प्रवेशच नव्हता. त्यामागे घरातली प्रसिद्ध कथा होती. लग्न नवं असताना आई एकदा तापाने पडली आणि तिने बाबांना अंडी करायला पाठवलं. बाबांनी अंडी अशी करपवली, की शेजारी बादल्या घेऊन आले. तव्याला भोक पडलं असं आई सांगते. त्या दिवशी तिने त्यांना कायमचं बाहेर काढलं. आम्ही भावंडं ही कथा दर नाताळला ऐकून पोट धरून हसायचो, आणि बाबाही मान खाली घालून हसायचे.

शनिवारी आईने जांभळी टोपी घातली. ही टोपी ती फक्त ईस्टरला आणि तिला न आवडणाऱ्या माणसांच्या मयतीला घालते. तिचा घेर एवढा, की गाडीत मला मान तिरकी करून चालवावं लागलं. मी शाळेची बस चालवते, मला अडचणींची सवय आहे, पण स्वतःच्या आईची टोपी म्हणजे कठीणच.

संग्रहालयाचं सभागृह भरलं होतं. सगळं चर्चच उठून आलं होतं. पहिल्या रांगेत सत्काराचे चार म्हातारे आणि त्यांची माणसं. आमच्या मागे चर्चमधली सिस्टर ओझेला. ती आईची साठ वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची डोकेदुखी.

"लव्हिनिया, टोपी काढ. मला सगळा सिनेमा जांभळा दिसतोय."

"तू मान वाकडी कर. मला आज एका बाईसमोर नीट दिसायचंय."

मिस रेनिटाने माइकवरून विनंती केली, की माहितीपट चालू असताना कृपया शांतता पाळावी. पोरगी शिकलेली, पण बाहेरगावची. आमच्या लोकांशी कुणी बोललं, मग ते व्यासपीठावरून असो की पडद्यावरून, तर उत्तर देणं ही आमच्याकडची रीत आहे. पडद्यावर पहिली पलटण चालू लागताच मागून आवाज आला, "चला पोरांनो." निवेदक म्हणाला, या सैनिकांना बंदुकीऐवजी फावडी देण्यात आली. "खरंय, सांग बाबा." निवेदक म्हणाला, त्यांना वेगळ्या तंबूंत ठेवण्यात आलं. "माहितीये आम्हाला." तो बिचारा दूर कुठेतरी स्टुडिओत बसून बोलून गेलेला, पण इतका चांगला श्रोता त्याला आयुष्यात मिळाला नसेल.

मग पडद्यावर फ्रान्समधलं एक गाव आलं आणि बाबा खुर्चीत खाली सरकले. गल्लीतून एक तरुण बाई हातात टोपली घेऊन येत होती. केस कुरळे, चेहरा हसरा. आईने माझं मनगट धरलं.

"आलीच," ती म्हणाली.

बाई एका मोठ्या तंबूपाशी थांबली. तंबूतून आमचे बाबा बाहेर आले. बावीस वर्षांचे, उंच, देखणे, अंगात पांढरा एप्रन. त्यांनी तिच्या टोपलीत चार पाव टाकले, टोपीला हात लावला आणि आत गेले. बाई निघून गेली. कॅमेरा मात्र बाबांच्या मागोमाग तंबूत शिरला.

आत लांबच लांब टेबल, त्यावर कणकेचा डोंगर. बाबांनी दोन्ही हातांनी एकदमच दोन गोळे तोडले, टेबलावर फिरवले, आणि दोन गुळगुळीत पाव भाजायच्या पत्र्यावर जाऊन बसले. पुन्हा दोन. पुन्हा दोन. बघता बघता पत्रा भरला. ते हाताकडे बघतही नव्हते. निवेदक सांगत होता, या तुकडीचा पाव खायला अधिकारी दूरच्या छावण्यांतून यायचे, आणि सार्जंट टार्व्हर हा तिथला सगळ्यात तरबेज हात होता.

"कर, भाऊ, कर," लोक ओरडत होते. कुणीतरी टाळ्यांचा ताल धरला.

सिस्टर ओझेला पुढे वाकली. "लव्हिनिया, तुझा नवरा तर सुगरण निघाला."

 आई पडद्याकडे बघत नव्हती. ती बाबांच्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडे बघत होती.

दिवे लागले. मिस रेनिटा म्हणाली, आता आपल्या वीरांना प्रश्न विचारा. ती माइक घेऊन बाबांकडे आली, पण तो वाटेतच आईने घेतला आणि ती उभी राहिली.

"माझा एकच प्रश्न आहे, मिस्टर टार्व्हर. ती अंडी कुणी करपवली?"

आई बाबांना मिस्टर टार्व्हर म्हणाली की आमच्या घरी खिडक्या लावून घेतात.

"मी," बाबा म्हणाले.

"मुद्दाम?"

बाबांनी छताकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही. "हो."

सभागृह हसून लोळलं. एका म्हाताऱ्याची कवळी पडली. मिस रेनिटा शांततेची विनंती करायचंही विसरली. बाबा हळूहळू उभे राहिले आणि हसू ओसरेपर्यंत थांबले.

"मी लढायला म्हणून नाव घातलं होतं," ते म्हणाले. "नेम चांगला होता माझा. पहिल्याच दिवशी एका गोऱ्या अधिकाऱ्यानं वर न बघता सांगितलं, स्वयंपाकघरात जा. गेलो. ज्यांच्या टेबलाशी मला बसायची मुभा नव्हती त्यांना युद्ध संपेपर्यंत पाव करून घातले. परतलो तेव्हा ठरवलं, पुन्हा कुणी मला स्वयंपाकघरात जा म्हणालं तर जायचं नाही. आणि पहिली तूच म्हणालीस, लव्हिनिया. तापात होतीस, प्रेमानं म्हणालीस. पण माझ्या डोक्यात तोच आवाज वाजला."

"आमेन," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. मला रडू आलं. मी बाबांचा हात धरला. मला वाटलं, आता आई त्यांना जवळ घेईल.

आईने माइक अजून सोडला नव्हता.

"होझिया, मीही दिवसभर त्यांच्याच चुलीपुढं उभी असायचे. त्यांच्या टेबलाशी मलाही कुणी बसू दिलं नाही. मला जेवायला मागचा जिना होता. मग घरी येऊन पुन्हा उभी राहायचे, कारण तुला काही येत नाही असं मला वाटायचं. मी कुणाची अंडी करपवायची होती?"

आमच्या लोकांकडे सगळ्याला उत्तर असतं. या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. सिस्टर ओझेलाने मागून हात पुढे करून आईच्या खांद्यावर ठेवला. तीही दुसऱ्या एका डॉक्टरकडे स्वयंपाकाला होती.

 "मला हे कधी सुचलंच नाही," बाबा म्हणाले.  "मी फक्त माझंच धरून बसलो. आता काय करू सांग."

"मी सांगणार नाही. मी सांगितलं की तुला तो अधिकारी ऐकू येतो."

 घरी येताना सत्काराची ढाल गाडीच्या मागच्या सीटवर खडखडत होती. घरात शिरताच आई सवयीने स्वयंपाकघराकडे निघाली, आणि बाबा तिच्या आधी जाऊन दारात उभे राहिले. कोट काढला, बाह्या वर केल्या. पिठाचा डबा कुठे आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही.

आईला बसायचं कुठे तेच कळेना. ती दोनदा उठली. "ओव्हन जास्त तापवू नकोस," असं एकदा आत ओरडली. तिसऱ्यांदा मी तिला खांदे धरून खुर्चीत दाबून बसवलं. मग घरभर वास सुटला आणि ती उठायची थांबली.

बाबांनी पत्रा तिच्यासमोर आणून ठेवला आणि स्वतः बाजूला उभे राहिले, छावणीतल्यासारखे. आईने एक पाव फोडला. वाफ निघाली. पहिला घास घेताना तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"बस की," ती डोळे मिटूनच म्हणाली.

बाबा तिच्या शेजारी बसले. मी मात्र उभीच राहून आईकडे बघत होते. आमच्या घरात आई नेहमी शेवटी, ओट्याशी उभ्याउभ्या, राहिलेलं गार खायची. मी तेव्हा चौपन्न वर्षांची होते आणि आपल्या आईला गरम पाव खाताना पहिल्यांदाच बघत होते.