पट्टी बदलताना

सिस्टरताईंनी निरोप धाडला म्हणून त्यांचा धाकटा भाऊ, चर्चचा नवाकोरा पाळक, भर दुपारी भाजलेल्यांच्या वॉर्डात आला. सात नंबरचा वेल्डर दोन दिवस हाताची पट्टी बदलू देत नव्हता. आजही बदलली नाही तर जखम चिघळून हात कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सिलिंडरच्या स्फोटात त्याचा सख्खा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता.

ताईला जे जमलं नाही ते आपण बायबलच्या दोन वचनांत करून दाखवू, असं पाळकसाहेबांना मनातून वाटत होतं. नवी पदवी अंगात भिनली होती, दुसरं काय.

"यात देवाचा काहीतरी हेतू असेल," ते म्हणाले.

"मग त्या हेतूलाच बोलवा पट्टी बदलायला," वेल्डर म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पाळकसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. ताईंनी त्यांना कोपराने बाजूला सारलं. त्यांची जेवणाची सुट्टी होती, डबा उघडलाही नव्हता. त्या स्टूल ओढून बसल्या.

"मी ओढणार नाही. सलाइनने भिजवत, हळूहळू सोडवीन. तासभर लागेल आणि दुखेलही. तोंडाला येईल ते देवाला बोल. बायबलमधल्या स्तोत्रांत लोक काय कमी भांडलेत त्याच्याशी?"

वेल्डर वळला, पण पाळकसाहेबांकडे. "माझा भाऊ जळत होता तेव्हा कुठे होता तुमचा देव?"

पदवीच्या अभ्यासाच्या वहीत याचं तीन मुद्द्यांचं उत्तर होतं. पाळकसाहेबांनी बहिणीकडे पाहिलं. तीस वर्षं ती याच प्रश्नासमोर स्टूल टाकून बसत आली होती आणि तरी दर रविवारी सगळ्यांआधी प्रार्थनेला हजर असायची. आपली बहीण केवढी मोठी आहे, हे त्यांना आज कळलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. पाळक झाल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. "क्रुसावर येशूनेही हेच विचारलं होतं, मला का सोडलंस म्हणून. त्यालाही वरून उत्तर आलं नाही."

"त्यालाही?"

"त्यालाही."

वेल्डरने हात ताईंच्या पुढे केला.

"तुम्ही जाऊ नका, साहेब," तो म्हणाला.

पाळकसाहेब त्याचा खांदा धरून तासभर उभे राहिले. वेल्डरने देवाला नाही नाही ते ऐकवलं. तो दमून थांबला, तेव्हा पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आमेन."