घारीच्या क्रेनचं म्हणणं

मी एक जुनी क्रेन आहे. रस्त्यावर लांब माना काढून उभ्या असतात त्या माझ्या चुलतबहिणी. मी छताखालची. ओतशाळेच्या दोन्ही भिंतींवर वरच्या बाजूला रूळ टाकलेले आहेत, त्यांच्यावरून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायची. पोटाशी मोठा आकडा आणि कडेला चालकासाठी पत्र्याची केबिन. आता ओतशाळेचं संग्रहालय झालं आहे आणि मी शोभेची वस्तू. पण मित्रांनो, मी गंजले असले तरी वाकलेली नाही आणि आज गोड बोलायला बसलेली नाही. माझ्याखाली उभं राहून लोक नाही नाही ते सांगून गेले, मी मुकाट ऐकलं. आता माझं ऐका.

मला सुटी सुटी आणून इथेच जोडलं. पहिल्या दिवशी आकड्याला लोखंडाचा भलामोठा ठोकळा अडकवला आणि दिवसभर तसाच टांगून ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर तो केसभरही खाली आला नव्हता. मुख्य जोडारी म्हणाला, "पोरगी खमकी आहे." तेव्हापासून मी वितळलेल्या लोखंडाची भांडी वाहिली. भट्टीपाशी भांडं भरायचं, उचलायचं, साच्यांपर्यंत न्यायचं आणि थेंब न सांडता ओतायचं. सांडलं तर खालच्याचा पाय गेलाच म्हणून समजा.

या कामाचा एक नियम होता. केबिनमध्ये बसलेल्याला आकड्याखालचं नीट दिसत नाही. म्हणून खाली एक इशारेवाला उभा असतो. त्याने बोट वर करून गोल फिरवलं की उचलायचं, तळहात खाली केला की सोडायचं, मूठ आवळली की जागच्या जागी थांबायचं. इशारा नाही तर हालचाल नाही. खुद्द मालक येऊन बोंबलला तरी नाही.

मग लढाई सुरू झाली. माझा चालक गेला, ओतारी गेले, बघता बघता ओतशाळा ओस पडली. कारखाना तर चालायलाच हवा होता, कारण लढाईला लोखंड लागतं. तेव्हा साहेबांना आठवलं की जगात बायकाही आहेत. त्यांच्यातली एक माझ्या वाट्याला आली. नवरा आघाडीवर, घरी सासू आणि दोन लेकरं. शिडीला हात लावला तेव्हा उरलेसुरले म्हातारे ओतारी दात काढत होते. एक म्हणाला, "चढेल हो, पण उतरवायला दुसरी क्रेन आणावी लागेल." तरी ती चढली. महिन्याभरात तिच्याइतकं अलगद भांडं टेकवणारं आख्ख्या कारखान्यात कुणी उरलं नाही. लोक तिला घार म्हणू लागले. आधी टिंगल म्हणून, नंतर मानानं. पगार मात्र पुरुषापेक्षा कमीच राहिला. मानाला पैसे पडत नाहीत ना.

लढाई संपली. माणसं परत आली, काही आलीच नाहीत. घारीचा नवरा न आलेल्यांपैकी होता. माझा जुना चालक मात्र आला, एक गुडघा ताठ होऊन. फोरमनने घारीला बोलावून फुलं दिली आणि सांगितलं, "उद्यापासून घर सांभाळा." दुसऱ्या दिवशी सकाळी घार नेहमीसारखी आली, शिडी चढली आणि मला चालवायच्या दांड्यांवर हात ठेवून बसली. फोरमन खालून म्हणाला, "बाई, खाली या. शोभतं का हे?"

"शिफ्ट संपली की उतरते," ती म्हणाली.

फोरमन पक्का होता. त्याने फर्मान काढलं की तिला कुणीही इशारा द्यायचा नाही. भट्टीत लोखंड तयार, भांडं भरलेलं आणि खाली सगळे हात बांधून उभे. घारीने मनात आणलं असतं तर इशाऱ्याशिवाय भांडं उचललं असतं. तिने एक दांडाही हलवला नाही. नियम म्हणजे नियम. ती बाहेर झुकून फक्त खाली बघत राहिली.

तेवढ्यात जुना चालक लंगडत पुढे आला. त्याचीच जागा होती ती, त्याच्याच लेकरांच्या तोंडचा घास. भांड्याशी उभा राहून त्याने वर पाहिलं, बोट उंच केलं आणि गोल फिरवलं. घारीने उचललं. त्या दिवशी शेवटच्या साच्यापर्यंत त्याने इशारे दिले आणि तिने ओतलं. भोंगा झाल्यावर ती उतरली. दोघं काहीतरी बोलले, पण भट्टीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पुन्हा ती कधी आली नाही. तिच्या जागी तो बसला आणि चांगलं काम केलं. मी त्याच्यावर डूख धरला नाही. पण दोघांना खुर्ची एकच, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तोही म्हातारा झाला. भट्टी थंड पडली. कबुतरांनी माझ्या अंगावर संसार थाटले आणि अनेक वर्षं कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. मग संग्रहालयाचे व्यवस्थापक आले, मला पिवळा रंग दिला, भेट देणाऱ्यांसाठी पक्का जिना बांधला आणि केबिनमध्ये घार म्हणून एक पुतळी बसवली. ओठांना लाली, हात मांडीवर, तोंड दाराकडे आणि चेहऱ्यावर हसू. कामावर अशी ताठ बसली असती तर खालची दोन-चार माणसं एव्हाना वर पोचली असती.

खाली तिच्याविषयी पाटी लावायची होती. व्यवस्थापकांनी शेजारच्या शाळेला सांगितलं, मुलांकडून लिहून घ्या, छोटीशी, छानशी. म्हणून एक दिवस इतिहासाच्या बाई वर्ग घेऊन आल्या. त्यात एक मुलगी सारखी वर बघत होती. ती घारीची पणती. बाईंनी आधी कारखान्याच्या वार्तापत्रातला मजकूर वाचला. त्यात लिहिलं होतं, तिने अश्रूभरल्या डोळ्यांनी आपल्या लाडक्या यंत्राचा निरोप घेतला आणि त्या दिवशीही ओतकाम सुरळीत पार पडलं. लाडकं यंत्र म्हणे. माझा ब्रेक कुरकुरला की ती मला काय काय म्हणायची ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. मग युनियनचं पत्रक. त्यात ती एकाकी झुंजणारी रणरागिणी होती आणि तिने कारखाना बंद पाडला होता. पत्रक निघालं कितीतरी वर्षांनी. त्या सकाळी युनियनवाले माझ्याखाली हात बांधूनच उभे होते.

तिसरी हकीकत पणतीने सांगितली, मान खाली घालून. "आमच्या घरी म्हणतात, पणजी रुसून वर जाऊन बसली होती. हेकट होती म्हणे. मी हट्ट केला की आई म्हणते, थेट घारीवर गेलीस." तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की आपण जिच्यावर गेलो ती नुसतीच हेकट होती का. बाकीच्यांसाठी तो धडा होता. तिच्यासाठी ते रोजचं बोलणं होतं.

"मग यातलं खरं कुठलं?" एकाने विचारलं.

"आधी बघा, कोण बोलतंय, कधी बोलतंय आणि त्याला काय हवंय," बाई म्हणाल्या. "खोटं बोलावंच लागतं असं नाही. आपल्या सोयीचं तेवढंच सांगितलं तरी भागतं."

मुलं भांडली. लढाईने बायकांना मोकळं केलं, असं निम्म्यांचं म्हणणं. वापरून घेतलं आणि फेकून दिलं, असं बाकीच्यांचं. मी वरून ऐकत होते. मला विचाराल तर घारीच्या बाबतीत दोन्ही खरं होतं, कधी कधी तर एकाच दिवशी. पण मलाही सगळं ठाऊक आहे असं समजू नका. मी वरून माणसांची डोकी पाहिली. घार माझ्याच केबिनमध्ये बसलेली, तिचा चेहरा मला कधी दिसला नाही. त्या सकाळी ती रडत होती की नाही, ते मी सांगू शकत नाही.

पणती जिना चढून केबिनमध्ये आली. पुतळीला बाजूला सरकवून बसली. समोर तिला नुसती भिंत दिसली. मग ती बाहेर झुकली, पार कमरेतून. "बाई, इथून आकड्याखालचं दिसतच नाही," ती वरून म्हणाली. "खाली कुणीतरी हवं, हे कर ते कर सांगायला. कारखान्यानेच लिहिलंय, त्या दिवशी ओतकाम झालं. म्हणजे ती रुसून बसली नव्हती. काम करत होती. आणि एकटी नव्हती." मग कुणीतरी विचारलं, "खाली कोण होतं?" ते कुठल्याच कागदात नव्हतं.

मुलांनी पाटी तिथेच बसून लिहिली: कारखाना म्हणतो ती रडली. युनियन म्हणते ती लढली. घर म्हणतं ती रुसली. त्या दिवशी इथे ओतकाम झालं आणि ते एकट्याचं काम नाही. तिच्यासोबत कोण होतं हे कुणी लिहिलं नाही. तिला काय म्हणायचं होतं हे कुणी विचारलं नाही.

व्यवस्थापकांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "लोकांचा गोंधळ होईल. एकच काहीतरी लिहा. आणि ते शेवटचं वाक्य काढा, उगाच टोचतं."

"होऊ दे गोंधळ," बाई म्हणाल्या.

पणती मागे सरली नाही. "शेवटचं काढायचं तर वरची तीनही काढा," ती म्हणाली. "ती दुसऱ्यांची आहेत. पणजीबद्दल खात्रीनं आपल्याला शेवटचंच माहीत आहे." व्यवस्थापकांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी खिळे मागवले.

मित्रांनो, माझ्या रंगाची आणि तेलाची काळजी करणारे आता पुष्कळ आहेत. तुम्ही एवढंच करा. तुमच्या घरात कुणी आजी, मावशी, आत्या असेल, जिच्याबद्दल बाकीचे सगळे सांगतात आणि ती गप्प बसते, तर आज घरी गेल्यावर तिच्याशेजारी बसा आणि तिलाच विचारा. मी लोखंडाची आहे, कधीही आलात तरी असेन. ती नसेल.