मधुकररावांच्या सभांचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना, गंजलेला भोंगा आहे. १९७१ साली तुमसरकडच्या एका गावातल्या नत्थूने मला विकत घेतलं. लग्न असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो की नाटक, सगळीकडे मीच लागायचो. नत्थू मला रोज फडक्याने पुसायचा. खोटं कशाला बोलू, मला गर्दीची चटक लागली होती.

खरी गर्दी जमायची ती मधुकररावांच्या सभांना. ते आधी कॉलेजात संस्कृत शिकवायचे, मग आमदार झाले, मग राज्यमंत्री. मँगनीजच्या खाणीत बाहेरच्या मुलखातले मजूर येत, त्यांच्यावर त्यांचा राग. "या लोकांना परत पाठवा! नाहीतर दहा वर्षांत आपण आपल्याच गावात उपरे ठरू, आणि मग रक्त सांडेल!" या भाषणापायी त्यांचं मंत्रिपद गेलं, पण गर्दी दुप्पट झाली. एवढा शिकलेला माणूस चुकीचं कसं बोलेल, असं लोकांना वाटे. मलाही वाटे.

१९७८च्या उन्हाळ्यात नाकाडोंगरीच्या रस्त्याला त्यांची सभा होती. खाणीची पाळी सुटायची वेळ झाली, तशी भाषणाने पेटलेली पोरं लाठ्या घेऊन रस्त्यावर धावली. आता खाणीतून परतणारा प्रत्येक माणूस मँगनीजच्या धुळीने नखशिखांत काळा असतो. आंघोळ होईपर्यंत त्याची बायकोही त्याला पटकन ओळखत नाही. पोरांनी पहिलाच सायकलवाला खाली ओढला. डोक्यात लाठी बसली, दात पडले, सायकलच्या चेनने पाठ सोलून निघाली. तो जिवाच्या आकांताने आपलं नाव सांगत होता. पण मधुकरराव अजून बोलत होते, आणि माझ्यापुढे त्याचं कोण ऐकणार?

शेवटी कुणीतरी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. तो धनीराम निघाला, नत्थूचा सख्खा मोठा भाऊ. जीव केव्हाच गेला होता.

तिसऱ्या दिवशी चौकात शोकसभा ठेवली. मला पुन्हा बांबूवर चढवलं. मधुकरराव गहिवरून म्हणाले, "परक्यांनी आपला धनीराम मारला!" मारणारी पोरं समोरच खाली मान घालून बसली होती. मजुरांच्या झोपड्या हाकेच्या अंतरावर होत्या. लोक लाठ्या उचलू लागले. 

तेवढ्यात धनीरामची बायको गोदावरीबाई उठली आणि तिने माइक हिसकावला. मधुकररावांची माणसं नत्थूवर धावली. "वायर काढ बे!" नत्थू माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मशीनला मिठी मारून बसला. त्यांनी त्याला लाथा घातल्या, त्याचा हात मोडला, तरी त्याने वायर काढू दिली नाही.

"माह्या मानसाले याच गावच्या पोरायनं मारलं," गोदावरीबाई म्हणाली. "तो नाव सांगून राहिला होता, कोनं आयकलं नाही. अन मले सांगा, तो परका असता, तं मारून टाकाचा होता काय?"

 एकेक लाठी खाली गेली. मागून एक दगड आला आणि माझं तोंड चेपून गेला, पण त्या दिवशी एकही झोपडी जळली नाही.

मधुकरराव पुढेही निवडून आले. नत्थूला मात्र कुणी सभेचं काम दिलं नाही, आणि त्याचा हात वाकडाच राहिला. मित्रांनो, मला पुसून, रंगवून ठेवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, माझा आवाज चालू असताना जवळपास कुणी माणूस ओरडतो आहे असं वाटलं, तर आधी मला बंद करा.