बिनरहिवाशांची वसाहत

मित्रांनो, मी एक जुनी वसाहत आहे, आणि माझ्यासारखी आदर्श वसाहत पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नाही. माझ्या रस्त्यांवर आजवर एकही खड्डा पडलेला नाही. माझ्या झाडांची पाने गळत नाहीत. जिन्यात कोणी कचरा टाकत नाही, गच्चीवरून कोणी भांडत नाही, पाण्यावरून तर नाहीच नाही. मोठमोठ्या राज्यकर्त्यांनी येऊन माझ्याकडून धडे घ्यावेत, अशी माझी योग्यता आहे.

फक्त एक सांगायचे राहिले. मी पुठ्ठ्याची आहे. जेवणाच्या टेबलावर मी सहज मावते. मात्र मग जेवणाऱ्यांनी ताटे मांडीवर घ्यायची. आणि माझ्यात कोणीही राहत नाही.

एका मॉडेलवाल्याने मला घडवले. पुठ्ठा, फोम, पातळ लाकडाच्या पट्ट्या आणि गोंद, एवढ्यावर माझा जन्म झाला. स्पंज किसून, हिरव्या रंगात बुडवून त्याने झाडे केली. जागेवर जेवढी लागणार होती त्याच्या तिप्पट झाडे त्याने मला दिली, कारण झाडाने झाकता येत नाही असे त्याच्या धंद्यात फारसे काही नसते. माणसे मात्र चिमट्याने एकेक चिकटवावी लागतात. तीन चिकटवून त्याची पाठ दुखू लागली. त्यातली दोन मला टेम्पोतून नेताना पडली. उरलेली एक बाई पिशवी घेऊन फाटकाशी उभी राहिली. ती कोणाची वाट पाहते आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मलाही नाही.

मॉडेलवाल्याची आणखी एक रीत होती. जी घरे अजून बांधायची आहेत, त्यांना दारे, खिडक्या, कठडे, सगळे हौसेने करायचे. शेजारची जी घरे आधीपासून उभी आहेत, ज्यांत माणसे राहतात, ती मात्र नुसते पांढरे ठोकळे. "त्यांची परवानगी कुठे मागायचीय?" असे तो म्हणायचा. नसलेल्या घरांना खिडक्या आणि असलेल्या घरांना भिंतीच भिंती, यात मला तेव्हा काही वावगे वाटले नाही. पुठ्ठ्याची अक्कल ती केवढी.

बिल्डरने मला नगररचना सल्लागार बाईंच्या कचेरीत आणून ठेवले. कचेरी झेरॉक्सच्या दुकानावर होती. बाईंनी सगळी नोकरी परवानग्या देणाऱ्या खात्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर त्या परवानग्या मागणाऱ्यांच्या बाजूला येऊन बसल्या. टेबलाची बाजू बदलली, आवाज तसाच कडक राहिला.

"बाई, एकदा अर्ज फेटाळलाय," बिल्डर म्हणाला. "पुन्हा फेटाळला तर मी जमीन विकून मोकळा होईन. तेवढी परवानगी द्या मिळवून."

"परवानगी मी देत नाही. ती का मिळणार नाही, ते आधी सांगते. माझी फी त्याचीच."

"बरं, सांगा."

"शेजाऱ्याची हरकत आहे ना? त्यांना इथे बोलवा. सुनावणीत भेटण्यापेक्षा चहावर भेटलेलं बरं."

हरकत घेणारे शिंपीकाका आले. माप घ्यायची टेप गळ्यात तशीच होती. बिल्डरच्या जमिनीला लागून त्यांचे एका खोलीचे घर होते; काकू गेल्यापासून तिथे ते आणि शिवणयंत्र, एवढेच राहत. त्यांनी चष्मा पुसून मला सावकाश न्याहाळले. मला फार बरे वाटले. तोवर कोणी मला एवढा वेळ दिला नव्हता.

"झकास आहे," ते म्हणाले. "आणि माझं घर?"

बिल्डरने शेवटच्या इमारतीमागच्या ठोकळ्यावर बोट ठेवले.

"हे होय. मला वाटलं, कोणीतरी साबण विसरलंय."

"काका, मॉडेलमध्ये शेजार तसाच दाखवतात."

"दाखवा की. पण माझी खिडकी कुठाय? अख्खा दिवस मी तिच्यापाशी असतो. काळ्या कापडावर काळा धागा चालवायचा तर दुपारचं ऊनच लागतं, दिव्याखाली मला सगळं सारखंच दिसतं. ते ऊन गेलं की काम गेलं. मग घरात आवाज करायला यंत्रसुद्धा नाही."

बाईंनी पेन्सिल उचलली. काकांनी दाखवले तिथे त्यांनी ठोकळ्यावर एक चौकोन काढला. मग कचेरीचे पडदे ओढले, टेबलावरचा दिवा लावला आणि हिवाळ्यातल्या दुपारी सूर्य जिथे असतो तिथे तो धरला. माझ्या चार मजली इमारतीची सावली ठोकळ्यावर पडली. खिडकी सबंध बुडाली.

"दिवा जरा वर धरा की," बिल्डर म्हणाला.

"मी धरीन हो. सूर्याला कोण सांगणार?"

बाईंनी दिवा खाली ठेवला. "या टोकाचे दोन मजले काढा. रस्त्याकडच्या टोकाला एक चढवा. तिकडची सावली रस्त्यावर पडेल, आणि रस्ता काही शिवणकाम करत नाही."

"दोन काढून एक? मला परवडायचं कसं?"

"रिकामी जमीन परवडते का? याच कारणावर पुन्हा फेटाळतील. जुन्या खुर्चीत असते तर मीही फेटाळला असता."

"आमच्यात याला उंची कमी करणं म्हणतात," काका हळूच म्हणाले. "गिऱ्हाईक रुसतं, पण कपडा अंगावर बसतो."

बिल्डरला नाइलाजाने हसू आले. "काढतो मजले. मग हरकत मागे घ्याल ना काका?"

"आधी दिवा पुन्हा धरायचा. ट्रायल झाल्याशिवाय मी कधी कपडा दिलेला नाही."

मॉडेलवाला आला आणि ब्लेडने माझे दोन मजले कापून, एक रस्त्याकडच्या टोकाला चिकटवून, उरलेला घेऊन गेला. दुखले असे म्हणणार नाही. बाईंनी पुन्हा दिवा धरला. ऊन ठोकळ्यावर सरकत आले आणि पेन्सिलीच्या चौकोनात भरले. काका बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिले, जणू आत कोणी बसले आहे. मग म्हणाले, "द्या कागद, सही करतो."

सुनावणीत खात्याच्या साहेबांनी वाकून मला पाहिले आणि "देखणं काम आहे" असे म्हटले. परवानगी मिळाली. सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि ते चहाला गेले. जाताना दिवे बंद केले. मी टेबलावर अंधारात होते. मित्रांनो, परवानगी मिळते त्याच दिवशी मॉडेलचे काम संपते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मला बाईंच्या कचेरीत परत आणले, आणि पुढे माझ्यासारखी खरी वसाहत उभी राहिली. तिच्या तक्रारी बाईंच्या फोनवर येत. जिन्यात सायकली ठेवतात, वरचे लोक खालच्यांवर कुंडीचे पाणी सांडतात, कोणाचे तरी बाळ रात्रभर रडते. बाई कपाळाला हात लावत, आणि मला हेवा वाटे. माझ्या जिन्यात एक सायकल कोणी ठेवली असती, तर मी तक्रार केली नसती.

मला कपाटावर चढवले गेले. छपरांवर धूळ साचली, गोंद वाळून झाडे आडवी झाली. एका सफाईत फाटकाशी उभी असलेली बाईही फडक्याबरोबर गेली. त्यानंतर माझी शिरगणती सोपी झाली.

मग एके दिवशी शिंपीकाका आले, बगलेत कापडाची घडी घेऊन. "बाई, हिच्यावर किती धूळ बसते हो. हिच्यामुळे माझं ऊन राहिलं. उरलेल्या कापडातून गवसणी शिवलीय." जाड काळे कापड, काळा धागा, एक टाका वाकडा नाही. बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी ती मला घातली. "कशी नेमकी बसली बघा," त्या म्हणाल्या. काका खुशीत हसल्याचे ऐकू आले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मला त्यानंतर काहीच दिसले नाही.

आता मी नुसती ऐकते. खालचे झेरॉक्स यंत्र बंद होते, सगळे घरी जातात, तरी बाई उठल्याची खुर्चीची करकर बराच वेळ ऐकू येत नाही. त्यांनाही घरी कोणी नसावे. त्या बोलत नाहीत, आणि मला बोलता येत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरे बांधाल, वसाहती उभाराल. तेव्हा आपल्या नकाशातल्या खिडक्या मोजून झाल्या की शेजारच्या पांढऱ्या ठोकळ्यात कोण बसले आहे, हे जाऊन विचारा. आणि ज्यांच्या आधाराने ते तुम्हाला दिसले, त्या जुन्या वस्तू घर झाल्यावर विसरू नका.

एवढा मोठा उपदेश केल्यावर स्वतःसाठी काही मागणे शोभत नाही, तरी मागते. त्या कचेरीत कधी गेलात तर गवसणी काढू नका. काकांना वाईट वाटेल. फक्त दुपारचे ऊन येते तो पश्चिमेकडचा कोपरा चार बोटे वर दुमडा, आणि तो घसरू नये म्हणून वर पंचिंग मशीन ठेवा.