टोक नसलेली सुरी

"जहाजावर कुणी टोकाची सुरी आणली, की कप्तान आधी तिचं टोक मोडायचा," सासरे सांगायचे. "भर समुद्रात भांडण जुंपलं तर सुरीनं दोर तुटावा, माणूस नाही." मग ते पातं उजेडात धरायचे. धार पट्टीसारखी सरळ, पाठ तेवढी शेवटी झुकून धारेला भेटलेली. मेंढपाळही हीच बाळगतात, म्हणायचे; खूर तासताना मेंढी हिसका देते, पण टोकच नाही तर रुतणार काय?

सासरे गेले, सुरी थोरल्या सुनेकडे आली. घरच्या कारखान्यात जहाजांना लागणारे जाड विणीचे पट्टे बहुतेक तीच कापायची; घाई असली की धाकटी जाऊही दुसऱ्या सुरीनं थोडे कापायची. पट्टा फळीवर, त्यावर पातं, पात्याच्या पाठीवर लाकडी हातोड्याचा एक ठोका. धार सरळ म्हणून सगळे धागे एकदम तुटायचे. संध्याकाळी ती दगडावर पाणी शिंपडून सुरीला धार लावायची आणि गुणगुणायची:

घास रे पात्या घास, नको टोकाचा हव्यास,
दोर तुझ्या वाट्याला, नको तोडूस विश्वास.

त्या विश्वासालाच आता वाळवी लागली होती. सकाळी खिळ्यावरची सुरी हातात घेतली की तेलाचा वास यायचा. थोरली तेलाला शिवतही नसे. तेलावर धार लावायची सवय एकाच बाईची, धाकट्या जावेची. कारखाना उघडायचीही तीच.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या खेपेला कडेचे धागे लोंबणारे पट्टे परत आले, तेव्हा धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "माझ्याकडून झालं." थोरलीनं तेव्हा सुनावलंही होतं, "डोळे घरी विसरून येतेस का गं?" आणि हीच आता माझ्या सुरीवर हात साफ करते? फळीवरची माझी जागा हवी असणार. गोड बोलून गळा कापायचा, त्याला टोक कशाला लागतं?

एका सकाळी ती मुद्दाम लवकर निघाली. दार लोटलं, तर धाकटी दगडापाशी बसलेली. हातात सासऱ्यांची सुरी, शेजारी तेलाची बाटली.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" थोरली म्हणाली. "माझी जागा हवी तर तोंडानं माग."

"जागा नकोय मला, ताई."

"मग काय, सुरीला तेल लावून न्हाऊ घालत होतीस?"

धाकटी हसली नाही. खिडकीतली काचेची पट्टी तिनं थोरलीपुढे सरकवली. सासरे नव्या हातांची परीक्षा त्या काचेवरच घ्यायचे. धार काचेवर उभी टेकवायची, आणि खालून उजेड दिसता कामा नये.

"काच शिकाऊंना लागते," थोरली म्हणाली.

"आज माझ्यासाठी धार लावा. तुमच्या हातानं, तुमच्या पाण्यावर."

थोरलीनं रागानंच दगड भिजवला. नेहमीसारखी सुरी घासली, पुसली आणि काचेवर टेकवली. धारेच्या दोन्ही टोकांखालून उजेड आला. बोट ठेवलं तर पातं पाळण्यासारखं डोललं.

"दगड खोलगट झालाय," ती म्हणाली.

धाकटीनं त्याच दगडावर, पाण्यावरच, सुरी पुन्हा घासली. बराच वेळ घासली. मग काचेवर ठेवली. खाली अंधाराची एक सलग रेघ.

थोरली त्या रेघेकडे पाहत राहिली. मग आपल्या हाताकडे. मांडीवर ठेवलेला तो हात, वारा नसताना हलणाऱ्या पानासारखा हलत होता. किती दिवसांपासून, कोण जाणे. तिनं तो पदराखाली घेतला.

"रोज सकाळी तूच सरळ करायचीस?"

"संध्याकाळपर्यंत तरी टिकावी म्हणून."

"आणि हे सुरू कधी केलंस?"

धाकटी बाटलीचं बूच लावत बसली. लागलेलं बूच पुन्हा काढून पुन्हा लावलं.

"बोल गं. पट्टे परत आले तेव्हापासून ना?"

धाकटीनं पदराखालचा तो हात शोधून धरला.

"ते पट्टे मी कापलेले नव्हते, ताई," ती म्हणाली. "तुम्ही कापले होते."