आरशावरची क्लिप

सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं आणि एकदा मी आमटीत मीठ म्हणून साखर घातली. अकराला विमा कंपनीचा माणूस येणार होता आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

आमचा धंदा जनरेटर भाड्याने देण्याचा. जनरेटर ट्रेलरवर, ट्रेलर जीपच्या मागे. जोडाजोडी हे बघतात, म्हणजे माझे यजमान, आणि जीप चालवतात भाऊजी, माझे धाकटे दीर. ट्रेलर हुकाला लोखंडी पिनेने अडकवायचा आणि पिन उसळून निघू नये म्हणून तिच्या टोकाला क्लिप लावायची. ट्रेलर सुटा असला की ती क्लिप जीपच्या आरशाला लटकवायची, ही सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत. "आरसा रिकामा, मग निघा कामा," असं ते म्हणायचे. सासरे गेले, त्यांचं वाक्य मात्र घरात ठाण मांडून बसलं. मागे जाऊन वाकून बघायचे कष्ट कोण घेतो? आरशाकडे नजर टाकायची आणि निघायचं.

सोमवारी वाऱ्याने मागचं दार सारखं आपटत होतं. कडीतला खिळा कुठे पडला होता देव जाणे. मी आरशावरची क्लिप काढून कडीत अडकवली. पाच मिनिटांसाठी. आमच्या घरातली पाच मिनिटं कधी संपत नाहीत.

मंगळवारी यांनी पिन बसवली, तेवढ्यात फोन आला म्हणून आत गेले. भाऊजींनी आरसा बघितला. रिकामा. म्हणजे दादाने क्लिप लावली. ते निघाले. पुलाच्या उतारावर पिन उसळली, पिनेच्या जोडीला आधार म्हणून लावलेली साखळी तुटली आणि ट्रेलर पोस्टमनच्या सायकलवर गेला. आमच्याच गल्लीत पत्रं टाकणारा पोस्टमन. पाय दोन ठिकाणी मोडला. थोडक्यात वाचला, असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

तेव्हापासून भाऊजी नुसते येरझाऱ्या घालत होते. किल्ली खुंटीला टांगली ती टांगलीच. "दादा, तू लावली होतीस का रे क्लिप?" हे त्यांनी यांना शंभरदा विचारलं असेल. "नाही," एवढंच उत्तर. मग माझ्याकडे यायचे. "मीच काढून कुठेतरी ठेवली असणार, वहिनी. पण मला काहीच कसं आठवत नाही? डोकं फिरलंय का माझं?" मी मान खाली घालून भाजी निवडायची. तोंडाशी आलेलं तीन दिवस गिळत होते. लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त.

"विसरलो म्हणून लिहून दे," हे भाऊजींना म्हणाले होते. "फार तर लायसन्स जाईल. प्रकरण मिटेल." बोलताना हे माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, दमलेत.

विम्याचा माणूस आला. कागद पसरले, पाणी प्यायला, चष्मा पुसला.

"क्लिप लावली नाही, ही चूक कोणाची?"

"माझी," भाऊजी म्हणाले. त्यांनी पेन हातात घेतलं. गाडी चालवण्याखेरीज या माणसाला दुसरं काही येत नाही.

मला राहवलं नाही. क्लिप आणून समोर टाकावी म्हणून मी मागच्या दाराकडे धावले.

कडीत क्लिप नव्हती. तिथे तार होती, पकडीने नीट वाकवलेली, कुणाला टोचू नये म्हणून टोक आत वळवलेलं. तारेचं टोक असं वळवणारा आमच्या घरात एकच हात आहे. असा संताप आला की पुढच्या खोलीत कशी पोचले ते कळलं नाही.

"भाऊजी, सही करू नका. क्लिप मी काढली होती. मागच्या दाराला लावायला."

माणसाने मान वर केली. "आता कुठे आहे ती?"

मी यांच्याकडे बघितलं. यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि क्लिप टेबलावर ठेवली.

"तुझं नाव येऊ नये म्हणून..." हे मला म्हणाले.

भाऊजी माझ्यावर ओरडतील, याची मी तयारी केली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. क्लिप उचलून तळहातावर घेतली.

"दादा," ते म्हणाले, "मी तुला रोज विचारत होतो ना रे?"